डाव्याबद्दल माफी

केटात डाव्या हाताने रस्तासुद्धा दाखवत नाहीत.
उजव्यात माशांची पाटी असली
आणि पैसे डाव्याने द्यावेच लागले,
तर आधी म्हणायचं : डाव्याबद्दल माफी.

अग्बेको सरांनी चुंबकाच्या दोन दाढांमध्ये
चॉकलेटच्या चंदेरी कागदाची पट्टी
सैल सोडली, टोकं बॅटरीला.
बटण दाबायच्या आधी सांगा,
ही उडेल कुठे?

तर्जनी चुंबकाची, उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेला.
मधलं बोट विजेचं.
अंगठा जिकडे, पट्टी तिकडे.
"हात मात्र डावा," म्हणाले,
आणि खिडकीबाहेर बघून घेतलं
कुणी मोठं माणूस नाही ना.

सेलोर्म पाद्रीबाबांचा मुलगा.
त्याने उजवाच उचलला,
बोटं चोख काटकोनात.
खाली, म्हणाला.

मागच्या बाकावर यायरा.
सातव्या वर्षी तिचा डावा
मावशीने मिरचीच्या पाण्यात बुडवला होता,
तेव्हापासून तो मांडीखाली असतो.
तिने तो काढला.
पालथा, उताणा, मनगट पिळून,
घट्ट बरणीचं झाकण उघडावं तसा.
अगदी हळू : वर.

बटण.

पट्टी उसळली,
वीतभर नाही, बोटभर,
पण वर.

सेलोर्म आपल्या उजव्याकडे बघत राहिला,
त्याने चुगली केल्यासारखा.

मग सरांनी बॅटरी उलटी जोडली.
चाळीस डावे हात हवेत,
कुणाची करंगळी मध्येच, कुणाला कळ.
व्हरांड्यातून हेडबाई चालल्या होत्या,
थबकल्या.

यायराचा अंगठा आता जमिनीकडे होता.
कोपर कानापर्यंत वर.
तिने तो तसाच ठेवला.
माफी मागायची राहूनच गेली.