ओळीपुढची जाळी

वसमतला मोंढ्याच्या मागं भुईकाटा आहे,
काट्याला लागून पत्र्याची केबिन,
केबिनीत तहसीन, आणि एक जीबीचं मशीन
कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेलं.
माऊसवरसुद्धा हळद.

"चालू व्हायला दोन ट्रॅक्टर लागतात, सर."
इथं वेळ अशीच मोजतात.
"अन् चालू झालं की मराठीचे नुसते डबे करायलंय."

कॅबिनेट उघडलं.
पंख्याचा पार नवरदेव झालेला.
ब्रशनं हळद उतरवली, शिंकलो,
मग उजाडल्या उजाडल्या उठून बसणाऱ्यांची यादी काढली:
ब्लूटूथ (ह्या पत्र्याखाली त्यानं कुणाशी बोलावं?),
स्कॅनरची वाट बघणारा एक, स्कॅनर कधी आलाच नव्हता,
आणि नेट नसताना दर तासाला
नवं काय म्हणून विचारणारा तिसरा.
झोपा म्हटलं तिघांना.
खिडक्यांच्या पाठीमागच्या सावल्या काढल्या.
बर्फाचा डोंगर काढायला गेलो तर ती म्हणाली,
तेवढा राहू द्या.
राहू दिला.

स्वॅप म्हणजे काय, तिनं विचारलं.
आडतीत जागा संपली की आतली पोती रस्त्यावर,
हवी झाली की पुन्हा आत, म्हणलं.
"मग हमालच दमणार की."
तेच चाललं होतं आत, दिवसभर.

भाषांची फाईल लांबलचक.
कधी न ऐकलेल्या गावांची, देशांची नावं,
आणि मधेच कुठंतरी मराठी,
एम आर एवढीच,
पुढं एक बारीक जाळी.
जाळी म्हणजे: ही ओळ आहे, पण वाचू नका.
मी जाळी खोडली.
एका बोटाचं काम. किती वर्षं पडून होतं कोण जाणे.

डबे गेले. फॉन्ट पेन ड्राइव्हवरून चढवला, वेलांट्या जागेवर आल्या.
आणि वजनच येईना.
काट्याचा प्रोग्राम मराठी आकडे बघून गप्प उभा.
बाहेर हॉर्न. मग तडजोड:
आकडे इंग्रजी, नावं मराठी.
तहसीन घरी अब्बाशी एक बोलते, काट्यावर एक,
तिला ह्यात नवल वाटलं नाही.

आश्रोबा कऱ्हाळे, बारा पोती.
पावती निघाली:
शेतकर्याचे नाव, कर्हाळे.
दोन्हीकडं र डोक्यावर चढून बसलेला.
"बँकेत बी असंच हाय," आश्रोबा म्हणाले,
"सातबाऱ्यावर आणखी येगळंच. चालतंय."

मला चालेना.
लोकेल बघितलं, फॉन्ट बघितला,
मशीन दोनदा बंद करून चालू केलं,
शेवटी तिच्या बोटांकडं बघितलं.
ती जे दाबत होती. नुसता जे.
शिफ्ट धर, म्हणलं, मग जे.
पडद्यावर र आला, पायाशी नुक्ता घेऊन.
त्याला ह जोडला
आणि र वाकला,
विळ्यासारखा, ह च्या अलीकडं.

मशीनचा काहीच दोष नव्हता म्हणजे.
माझा सगळा दुपारचा वेळ.

आश्रोबांनी पावती लांब धरली, जवळ धरली.
"नाव बराबर हाय," ते म्हणाले,
"चार किलो कमी कसं भरलं?"
ते माझ्या हातातलं नव्हतं.
तहसीन त्यांना घेऊन काट्यावर गेली,
पाट्याखालचा दगड काढायला.

परत आली ती हात झटकत. रांगेत कुणी नव्हतं.
तिच्या नावात तो र नाही,
तरी तिनं शिफ्ट धरून जे दाबला,
सात-आठ वेळा, उगाच.
आणि लाईट गेली.

आली तेव्हा बटण तिनंच दाबलं.
दोघं मोठ्यानं मोजत होतो,
मी मराठीत, ती तिच्या भाषेत,
तेवीसला डोंगर दिसला.
एकही ट्रॅक्टर गेला नव्हता.