कंदील्या

त्याचं खरं नाव मला पोस्टरवर कळलं, इतक्या वर्षांनी.
भांडुपला, टेंबीपाड्याच्या चढावर,
चेऊलकरांच्या व्हिडिओगेम पार्लरमध्ये
पडद्यावर सगळं जपानीत यायचं,
म्हणून हातात कंदील असलेला तो कंदील्या,
तिसऱ्या लेव्हलची राक्षसीण ती रेशनवाली,
आणि जिथे हमखास मरायचो
त्या तुटक्या पुलाला आम्ही म्हणायचो दहावी.

एका रुपयात तीन जीव.
मुली नसत तिथे. मी जायचे,
भावाला जेवायला बोलवायला आलेय असं सांगून,
आणि भाऊ मेला की
हात पुढे करायचे.

आता मालाडला काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
रात्रपाळीत मी त्याच्या कमरेची तार पुसते.
सातशे कोटींचा सिनेमा, त्यातल्या माझ्या वाट्याला
दोनशे बारा फ्रेमा:
तो दहावीवरून उडी मारतो, तार दिसते,
मी कडेकडेनं जाते
बाळाच्या घासातला काटा काढावा तशी.
मग त्याच्या पाठीमागे आकाश लावायचं.
ते दुसरं कुणीतरी पाठवतं,
फाइलचं नाव: आकाश अंतिम सुधारित चार.

सिनेमात त्याला वडील दिलेत.
मग वडील मारलेत. त्यासाठी तीनशे घोडे.
आमच्या कंदील्याला बाप नव्हता,
त्याला फक्त उजवीकडे जायचं होतं.
कशाला, ते आम्ही विचारलं नाही,
तेवढ्यात रुपया संपायचा.

आणि बटणं सोडून नुसतं बघत बसलं
तर तो कंटाळायचा.
कंदील खाली ठेवायचा, वाकून टाच खाजवायचा,
मग एकदा सरळ काचेतून
आपल्याकडे बघायचा.
ते काही त्यांनी घेतलं नाही.
दोन तास चाळीस मिनिटांत तो
कुणाचीच वाट बघत नाही.

लोबोला मी सांगून पाहिलं, चहाच्या मशीनपाशी.
लोबो म्हणाला, बाई,
शॉट नंबर आहे का त्याला?

भाऊ दोह्यात असतो. त्याला तिकिटाचा फोटो पाठवला,
त्यानं अंगठा पाठवला.
म्हणून चेऊलकरांना घेऊन गेले.
पार्लरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं,
चेऊलकर एकोणऐंशीचे,
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.
थ्रीडीचा चष्मा त्यांनी स्वतःच्या चष्म्यावर चढवला,
पॉपकॉर्न चारशेला ऐकून म्हणाले,
बाराशे जीव झाले की गं.

मग माझा शॉट आला.
मी तार शोधत होते. नव्हती.
कुठेच नव्हती, जराशी असती तर मी दाखवली असती त्यांना,
ही बघा, इथे मी.
शेजारी खुर्चीच्या हातावर
त्यांचा अंगठा दाबला गेला,
पुलाच्या कडेच्या किंचित आधी,
जिथे दाबायचा बरोब्बर तिथे.
पडद्यावरचा कंदील्या उशिरा उडाला.
तरी पोचला. टाळ्या.

मेला होता तो, चेऊलकर अंधारात म्हणाले,
मी बघितलंय. लबाड आहेत हे.

नावं वर सरकायला लागली, हजारभर तरी,
माझं आलं तेव्हा
झाडूवाला पोरगा खालचे दाणे गोळा करत होता
आणि आमचे पाय वर होते.

उतरताना सरकता जिना बंद.
चेऊलकर मधल्या पायरीवर थांबले, गुडघा.
हातातली पिशवी खाली ठेवली,
कठड्याला धरून वाकले,
टाच खाजवली,
आणि माझ्याकडे बघितलं.

मागून पुढच्या शोची गर्दी खोळंबलेली.
मी कुठलंच बटण दाबलं नाही.