भवानीची वेळ

लग्नाला अकरा वर्षं, एकत्र संसार आठ महिने.
बाकीचा हिशेब सुट्ट्यांचा,
दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस;
आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला
दुधी कोण वाढतं?
सुरमई, कोंबडी, वडे, पुन्हा सुरमई.
मला वाटलं, खातो सगळं.

इथे, गुदैबियाच्या दोन खोल्यांत, कळलं.
आमटीतला कढीपत्ता, कोथिंबिरीचं पान न् पान
विश्राम ताटाच्या कडेला मांडून ठेवतो
पंचनामा केल्यासारखं.
बटाटा चालतो. कांदा, दिसला नाही तर.
फळांत आंबा, तोही मे महिन्यात, तोही गावचा.
बाकी सगळ्याला एकच शब्द : पाला.
सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या,
सित्र्याच्या रिफायनरीत तीस माणसांवर मुकादम,
वांग्यासमोर ओठ मिटून बसतो.

दवाखान्यातल्या नर्सने कागदावर
लाल पेनाने दोन आकडे गोल केले
आणि माझ्याकडे बघितलं.
त्याच्याकडे नाही.

मग मी चोरटा धंदा सुरू केला.
थालीपिठात पालक, पिठल्यात लाल भोपळा,
कटलेटात बीट,
कोळंबीच्या कालवणात इतका बारीक किसलेला दोडका
की मलाच सापडेना.
त्याला सापडला.
सौदीच्या पुलावरचा कस्टमवाला परवडला,
तो डिकी उघडून तरी बघतो.
"ह्यात काहीतरी आहे," एवढंच म्हणायचा
आणि हातातला घास खाली ठेवायचा.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

एका रात्री एसी बंद पडला.
गॅलरीत चटई टाकून बसलो, निथळत.
मी सहज म्हटलं,
तुझ्या आई तर कुडाळच्या बाजारात भाजी घेऊन बसायच्या,
आणि तू...

"म्हणूनच."

बराच वेळ खाली टॅक्सीवाल्यांचे हॉर्न.

"बुधवारी रात्री टोपली घरी यायची.
चांगलं ते गिऱ्हाइकाचं. आमची ती, न विकलेली.
पिवळी मेथी. कीड कापून उरलेलं अर्धं वांगं.
गुरुवारी तीच, शुक्रवारी तीच,
आधी तेल घालून, मग नुसत्या मिठात.
एकदा सकाळीच टोपलीतली कोवळी काकडी खाल्ली,
तर आईने हातावर मारलं.
मग स्वतःच चुलीकडे तोंड करून बसली.
पहिला पगार झाला त्या दिवशी ठरवलं."

काय ठरवलं ते त्याने सांगितलं नाही.
मी उठून किसणी धुतली
आणि वरच्या फळीवर ठेवून दिली.

शुक्रवारी पहाटे मनामाच्या मंडईत ट्रक रिकामे होत होते.
जॉर्डनचे टोमॅटो, येमेनची डाळिंबं,
इथल्याच बागेतला पिवळा खलाल, घोसासकट.
मी काही बोलले नाही. पिशवी त्याच्या हातात दिली.

आधी लांबच उभा राहिला,
दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा.
मग हात पुढे गेला.
भेंडीचं टोक मोडलं, कट् झालं.
दुसऱ्या पेटीतलं नुसतं वाकलं; ती पेटी मागे सरकवली.
कलिंगडाला टिचकी मारून कान लावला,
तिसरं उचललं, खालून पिवळं होतं ते.
हे हात मी अकरा वर्षांत पाहिले नव्हते.

शहाबुद्दीनने दिनाराची नोट कपाळाला लावली.
"भवानी आमच्या हातची,"
विश्राम म्हणाला, मराठीतच,
आणि त्या बांगलादेशी पोराला ते कळलंसुद्धा.

गाडीत बसल्यावर त्याने एक काकडी
सदऱ्याला पुसली, मोडली,
अर्धी मला दिली.
उरलेल्या अर्धीकडे बघत राहिला
सिग्नल हिरवा होऊन मागचा हॉर्न वाजवेपर्यंत.
मग करकर आवाज.
"मीठ हवं होतं," म्हणाला.

वांगं अजून नाही. कोथिंबीर अजून कडेला.
मी मात्र घरी आल्याबरोबर
मिठाची एक पुडी बांधली
आणि गाडीच्या खणात,
इन्शुरन्सच्या कागदांखाली, ठेवून आले.