पाखडण

दुभाष्याचं काम होतं माझं,
दिवसाला तीस हजार शिलिंग आणि दुपारचं जेवण.
गुलूपासून दोन तासांवर, पाडेरच्या वाटेला,
लान्येरो तीळ पाखडत बसली होती.
कॉर्विननं कॅमेरा लावला. म्हणाला,
विचार, तिच्या भावाचं काय झालं.

ती चाळीस मिनिटं बोलली.
सूप थांबलं नाही.
ओजाराला दहाव्या वर्षी बंडखोरांनी पळवला.
मग सरकारनं आम्हाला छावणीत कोंडलं,
तिथे माणसं हगवणीनं गेली, तीही मोजा.
मग ओजारा परत आला, खांद्यावर बंदूक,
आणि शेजारच्या लाबेजांची झोपडी—
इथे तिनं तीळ दुसऱ्या टोपल्यात ओतले—
पुढे दोन्ही घरं एकाच भोपळ्यातून
कडू मुळीचं पाणी प्यायली.
शेळी द्यायची अजून बाकी आहे.
लाबेजाची सून माझ्याशी बोलते,
हसत मात्र नाही.

काय म्हणाली? कॉर्विननं विचारलं.
ऊन चढलेलं, बॅटरीचा दिवा लाल.
मी म्हणालो, भावाची आठवण येते म्हणते.

हे खोटं नव्हतं.

लोक राईचा पर्वत करतात.
आम्ही पर्वताची राई केली,
आणि राई कुठेही शिरते,
दाराच्या फटीतून, शिवणीतून,
ओस्लोच्या बसमध्ये एका शाळकरी मुलीच्या तळहातावर.
ती खरंच रडली असेल.
त्या रडण्यात भेसळ नव्हती.
तिला दोनच माणसं दिसली होती,
एक दुष्ट, आणि दुसरी ती स्वतः,
अंगठ्याच्या अंतरावर.
चाळीस मिनिटांत तिचा थांबा मागे पडला असता.
मीही तिच्या वयाचा असतो तर
पुढे पाठवलाच असता.

कापणीनंतर मी तो लान्येरोला फोनवर दाखवला.
अकरा सेकंद तिचा चेहरा, खाली पियानो.
दोनदा पाहिला तिनं.
हे कोण वाजवतंय, म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं,
शेळीचं सांगितलं नाहीस?

वारा सुटला होता.
तिनं सूप उचललं,
फोल उडालं, आंब्यांवरून, रस्त्यापलीकडे,
कुठवर गेलं ते दिसेना.
तीळ तिच्या पायाशीच पडले.
मी उकिडवा बसून
मातीत गेलेले वेचू लागलो.