राज्य कुणावर?

चौथीच्या पुस्तकात पहिला धडा चार पानांचा.
बारा हजार वर्षं, चार पानं,
त्यातलं एक नुसत्या चित्राचं:
भूर्जाच्या सालीची होडी, आत कुणी नाही.
पुढे लाकूडतोडे सहा पानं, गिरण्या नऊ,
शेवंडाला स्वतंत्र रंगीत चौकट.

एकोणीस वर्षं शिकवतेय मी हे,
मेन राज्यातल्या या नदीकाठच्या गावात,
जिथे गिरणीचा भोंगा कधीच गप्प झाला
तरी म्हातारी माणसं बाराच्या ठोक्याला जेवायला बसतात.

"वाबानाकी लोक इथे राहत होते,"
मी फळ्यावर लिहिते,
आणि तिसऱ्या बाकावरून आयव्ही एटियनचा हात वर.
"मिस पेलेटिए, होते नाही. आहेत.
आम्ही काल रात्री मॅकरोनी खाल्ली."

वर्ग हसतो. ती हसत नाही.
मी डस्टर उचलते.
केवढासा शब्द, आणि किती घासावा लागतो!
मागे पांढुरका डाग राहतोच "होते"चा.
त्या डागावरच लिहावं लागतं "आहेत".

मग अठराशे वीस. मेन राज्य झालं.
त्याच्या जोडीला दक्षिणेकडचं आणखी एक,
हे गुलामांविना, ते गुलामांसकट,
दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून.
मी हातांनीच तराजू करून दाखवते.
लिबान वारसामे, ज्याची आई मोगादिशूहून आली,
माझ्या हातांकडे बघत राहतो.
"पण मिस, तराजू कुणी धरला होता?"
माझे हात अजून हवेतच.
घंटा होते.

एकोणीसशे एकोणीसचा कायदा मी घाईने उरकते.
शाळेत फक्त इंग्रजी.
माझ्या बापाने शंभर वेळा लिहिलं होतं,
"मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही."
त्याचं अक्षर त्यामुळेच इतकं सुरेख.
मरेपर्यंत वाण्याची यादीसुद्धा त्याच वळणाची,
अंडी, मैदा, माशांचे गळ.
फ्रेंच फक्त दाढ दुखली की.
हे मी वर्गात सांगत नाही. धड्यात नाहीच ते.

मधली सुट्टी. बर्फ निम्मा वितळलेला, चिखलात बूट.
राज्य कुणावर? राज्य कुणावर?
राज्य आलं की दुसऱ्यामागे धावायचं,
हात लावायचा, नि आपण सुटायचं.
एमिलने लिबानवर ढकललं, लिबानने हमदीवर,
हमदीने आयव्हीच्या पाठीत थाप मारली.

आयव्ही जागची हलली नाही.
"पळ ना गं! तुझ्यावर राज्य आलंय!"
"आलं तर आलं," ती म्हणाली,
"मी इथेच आहे."
मुलं घुटमळली. खेळ कसा पुढे न्यायचा
कुणालाच कळेना.

शुक्रवारी तिने वर्तमानपत्रात गुंडाळून पट्ट्या आणल्या.
काळ्या अ‍ॅशचा ओंडका तिच्या काकाने
कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून ठोकून सोलला होता.
एक पट्टी म्हणजे झाडाचं एक वर्ष,
तसंच्या तसं सुटून येतं, ओलसर, थोडं आंबूस वासाचं.
हमदीने सर्वांत पातळ निवडलं.
"या वर्षी झाडाला काय झालं होतं?"
एमिलला अठराशे वीस हवं होतं.
"एवढं म्हातारं नाही ते," आयव्ही म्हणाली,
"काकाच्याच वयाचं आहे."

दुपारभर विणत बसलो,
हे वर्ष खालून, ते वरून.
माझी पट्टी दोनदा मोडली.
टोपली झाली ती एका बाजूला कललेली,
टेबलावर ठेवली की डुगडुगते.

मंगळवारी चाचणी.
सगळे घरी गेल्यावर प्रश्नपत्रिका काढते.
प्रश्न पहिला: गाळलेल्या जागा भरा.

गाळलेल्या.

खिडकीबाहेर नदी, बर्फाचे तुकडे घेऊन चाललेली.
मी कागद बाजूला सारते,
आणि खडूसाठी
त्या कललेल्या टोपलीत हात घालते.