चार हजार एकशे बारा

नाना पेठेत इरफान तांबोळीनं आधी मला भिंतीला टेकवून उभं केलं.
म्हणाला, चप्पल काढा. जाडसं पुस्तक आणलंय?
मी पिशवीतून लेखासंहिता काढली,
जिल्हा परिषदेची, कडक पुठ्ठ्याची,
दोन पायांमध्ये घट्ट वर सरकवून धरली
आणि त्यानं तिच्या कडेला पेन्सिलीची रेघ ओढली.
त्र्याहत्तर सेंटिमीटर.
लग्नाच्या बायोडाटात उंची लिहिली होती, वर्ण लिहिला होता.
पायांची लांबी आजवर कुणी विचारली नव्हती.

बाणेरच्या शोरूममधल्या मुलानं
सायकल दोन बोटांवर उचलून दाखवली.
कार्बन आहे मॅडम, साडेसात किलो.
मी किंमत वाचली, परत वाचली,
मधे कुठे दशांश चिन्ह आहे का पाहिलं.
तेवढ्यात निनादचं दोन वर्षांचं हॉस्टेल झालं होतं.
आणि साडेसात किलो तर
माझ्याच अंगावरून उतरायचेत. फुकट.

पहाटे सूसच्या चढावर पळणं, साडेसहाला टँक.
घुले सर काठावरून ओरडतात, मान! मान खाली!
मान खाली घातली की तळाच्या निळ्या फरश्या दिसतात,
त्या मोजायला लागते मी, सवयच तशी,
आणि श्वास घ्यायचा राहून जातो.
पंचवीस मीटर. दोरी. खोकला.
शेजारच्या लेनमधली पोरं
पलंगाखालची चप्पल काढावी तशी
पाण्याखाली जाऊन येतात.

कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
हेमांगी बिडकरची सायकल हॉलमध्ये, हँडलवर टॉवेल वाळत घातलेला.
ॲल्युमिनियमची, पुढचा फोर्क तेवढा कार्बन,
सीटखालच्या नळीवर लाल नेलपॉलिशची रेघ.
माझी उंची, ती म्हणाली.
मी टेप लावली. दोन मिलिमीटर सोडले
तर माझीही तीच.

जुनी वस्तू घेताना का विकताय विचारू नये म्हणतात.
मी विचारलं.
ती चहा गाळत राहिली, मग म्हणाली,
पाण्यातून बाहेर आले. दोनशे मीटरवर.
होडीवाल्याचा हात धरला. तो काही बोलला नाही,
पुड्यातलं एक बिस्किट दिलं.
आणि काठावर ही उभी.
टायरात हवा भरलेली, बाटलीत लिंबूपाणी.
हिला कुणी न्यायलाच आलं नाही.

पंप तिनं तसाच दिला.
भावात मात्र पाचशेसुद्धा सोडले नाहीत.

मीटरवर आकडा होता: ४११२.
निनाद फोनवर म्हणाला, बटण दाबून धर, शून्य होईल.
मी हिशेबातली बाई.
मागील पानावरून पुढे, एवढंच मला येतं.

४१३० ला नळस्टॉपच्या सिग्नलवर बूट पेडलमधून सुटला नाही,
मी उभीच्या उभी आडवी झाले,
रिक्षावाला म्हणाला, ताई, सायकलला लागलं का?
४२०६ ला बोपदेव घाटात चेन उतरली,
चढवली, हाताचं काळं तोंडाला.
४३०० नंतर कधीतरी
सायकल ठेवून लगेच पळायला लागले
आणि खाली पाहिलं तर पाय कुणा दुसरीचे,
जिन्यातून फ्रिज उतरवणाऱ्या हमालासारखे,
पण चालू होते.

मग मुळशीकडचं तळं. शर्यत नव्हे, फक्त सराव.
काठावर ती उभी केली, गवतात, मीटर ४३९१.
पाणी चहाच्या रंगाचं आणि गार.
दोनशेच्या आसपास मी मान वर काढलीच.
होडी होती. होडीत एक म्हातारा,
त्याच्या मांडीवर पार्लेचा फोडलेला पुडा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
पुडा किंचित पुढे केला की नुसता हलवला, माहीत नाही.

मी मान खाली घातली.
खाली फरश्या नव्हत्या.
मोजायला काहीच नव्हतं.