एनदोरची भाकर

मे महिन्यात खलाशी लाइनीत योथामची लायब्ररी लागायची:
आईची कपड्यांची दोरी, लाकडी चिमटे,
आणि चिमट्यांना लटकलेली भुतं.
चार आण्यात एक कॉमिक, ओसरीतच बसून वाचायचं,
पानाला थुंकी लावली तर दंड.
मी हिशेबनीस. वही अजून आहे माझ्याकडे:
'विक्टर, सात कवट्यांचं बेट, बाकी १० पैसे.'

एका रविवारी चर्चहून परतताना सरोदे पंचांनी ते पाहिलं.
सायकल भिंतीला टेकवली, चष्मा पुसला
आणि उभ्या उभ्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय एकोणीस:
इफिसकरांनी जादूची पुस्तकं सगळ्यांदेखत जाळली,
किंमत भरली पन्नास हजार रुपये.
'आपली साडेअकरा,' योथाम पुटपुटला,
आणि त्याच्या कानाखाली बसली ती बाबांची.

बाबा तसे मारणारे नव्हते.
अजनीच्या लोको शेडमधून यायचे, हात धुवायचे अर्धा तास,
मगच आम्हाला जवळ घ्यायचे.
त्या दिवशी रॉकेल त्यांनीच ओतलं.
कूलरची जुनी ताटी वर टाकली,
म्हणून त्या धुराला वाळ्याचा वास होता.
चेटकिणीचं हिरवं तोंड तपकिरी झालं,
मग सुरळी, मग नुसतं काळं.
बाबा तिकडे बघत नव्हते.

पुढे कधीतरी आईनं सांगितलं.
भंडाऱ्याकडचं गाव. पाटलाच्या म्हशी मेल्या, लागोपाठ तीन,
आणि लोकांनी आजीला धरून
दगडानं पुढचे दात पाडले.
दात नसले की मंतर फुटका निघतो म्हणे.
बाबा सहा वर्षांचे, कणगीमागे.
मग मिशनचा दवाखाना, नागपूर, बाप्तिस्मा.
आजी 'येशू' म्हणायची तेव्हा
त्या शब्दातून वारा जायचा.
आम्ही हसायचो.

पण ती रात्र.
गच्ची, भिजवलेल्या चादरी, तरी अंगाखाली तापलेली फरशी.
योथामनं मला अख्खी गोष्ट सांगितली, जळालेली,
चौकटीमागून चौकट, आवाज काढून:
बुडालेले खलाशी, मेणाचा घोडा,
आणि बेटावरची ती बाई, जिला वारा बांधता यायचा.
बाबांचं घोरणं कधी थांबलं कळलं नाही.
'मग,' खाटेवरून आवाज आला,
'त्या बाईचं काय केलं लोकांनी?'
योथाम पार गप्प.
'शेवटचं पान फाटलेलं होतं, बाबा.'

खोटं. ते पान मी वाचलं होतं.

आता मी मेकोसाबागेत संडे स्कूल घेते.
नथनिएल खंडारे बायबलच्या आत कॉमिक लपवतो,
आत्मे, ताईत, खडूनं रिंगण आखणारी एक पोरगी.
'टीचर, हे वाचलं तर पाप लागते का जी?
मम्मी म्हणते, सैतान घरात शिरते.'

माझ्याकडे सरोदे पंचांचा अध्याय आहे. तो खोटा नाही.
आणि पहिला शमुवेल आहे, अठ्ठाविसावा:
वेष पालटून आलेला राजा, रात्र, एनदोर.
ती बाई मेलेल्याला वर आणते आणि स्वतःच किंचाळते.
राजा आडवा पडतो, दिवसभराचा उपाशी.
मग ती गोठ्यातलं वासरू कापते,
पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते,
म्हणते, खा थोडं, वाटेला शक्ती येईल.
याच राजानं तिच्यासारख्यांना देशोधडी लावलं होतं.
तिचं नाव लिहिलेलं नाही.
दात शाबूत होते का, तेही नाही.

मी नथनिएलला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
'शेवटी काय होते या पोरीचं?'
'अजून चालूच आहे, टीचर.'
'मग वाच. भीती वाटली तर सांग मला,
आणि दगड आधी कोणी उचलला
तेवढं नीट बघून ठेव.'

तो तिथेच पायरीवर बसला
आणि बोटाला थुंकी लावून
पान उलटलं.